बाजारातली गर्दी कागदावर ठेवणारे याह्या वासिती

मदरशात अरबी शिकलेल्यांना मकामात-ए-हरीरी या किताबीची ओळख करून द्यावी लागत नाही. दर्स-ए-निजामीत ती आजही शिकवतात. अवघड शब्द आणि उस्तादांची सक्ती अनेकांना आठवत असेल. पण याच किताबीची ९९ चित्रांची एक हस्तलिखित प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती प्रत लिहिली एका माणसाने आणि चित्रेही त्यानेच काढली. त्यांचे नाव याह्या बिन महमूद अल-वासिती.

वासिती म्हणजे इराकमधल्या वासित शहराचे. आपल्याकडे काही सय्यद घराणी वास्ती आडनाव लावतात, ते याच गावावरून. याह्या साहेब एकाच वेळी कातिब आणि मुसव्विर होते. हिजरी ६३४ च्या रमजानमध्ये, म्हणजे १२३७ साली, त्यांनी हे काम पुरे केले आणि शेवटच्या पानावर आपले नाव व तारीख नोंदवली. बगदादला तेव्हा खलिफा मुस्तनसिर यांची सत्ता होती.

बसऱ्याच्या हरीरींनी लिहिलेल्या या ५० किश्श्यांचा नायक अबू जैद. गोड बोलून लोकांचे खिसे हलके करणारा मोठा हुशार माणूस. सगळी गंमत भाषेची आहे. चित्रकाराने समोरासमोर बोलणारी दोन माणसे काढली असती तरी भागले असते. वासितींनी मात्र नजर अबू जैदच्या मागे उभ्या असलेल्या लोकांकडे वळवली.

ग्रंथालयाच्या चित्रात भिंतीतल्या कोनाड्यांत किताबी आडव्या रचून ठेवल्या आहेत. मशिदीच्या चित्रात खाली पुरुष बयान ऐकतात आणि वरच्या सज्जात औरती बसल्या आहेत. एका गावाच्या चित्रात मशीद आहे, छतावर कोंबड्या आहेत, पाण्यापाशी शेळ्या आहेत आणि एक बाई सूत कातते आहे. एका घरात बाळंतपण चालले आहे, तर दुसरीकडे ज्योतिषी हिशेब मांडून बसलेत. हजचा काफिला ढोल-नगारे वाजवत निघाला आहे. गुलामांचा बाजारसुद्धा त्यांनी लपवला नाही. तिथे वरच्या मजल्यावर तराजूत नाणी तोलली जातात आणि खाली माणसे विकली जातात. आपल्या जमान्याचे चांगले-वाईट दोन्ही त्यांनी समोर ठेवले.

मला स्वतःला हिम्सच्या मकतबचे चित्र सर्वांत जवळचे वाटते. उस्ताद बसलेत, समोर पोरांची दाटी. आठशे वर्षांपूर्वीचा वर्ग आहे, पण शिक्षकाला तो लगेच ओळखू येतो.

हे चित्र पुरे झाल्यावर अवघ्या २१ वर्षांनी, १२५८ मध्ये, हलाकूच्या फौजेने बगदाद उद्ध्वस्त केले. ग्रंथालये गेली, मोहल्ले गेले, माणसे गेली. खलिफांची नावे तवारिखांत राहिली. पण त्या जमान्यातला सामान्य माणूस बसत कसा होता, पेहराव काय करत होता, दुकान कसे मांडत होता, हे बघायचे असेल तर आज वासितींच्या पानांकडेच जावे लागते.

मागच्या वर्षी मी सातवीच्या मुलांना आपल्या लोकांचा इतिहास या विषयावर चित्र काढायला सांगितले. बहुतेकांनी ताजमहाल काढला, काहींनी चारमिनार. मोहल्ल्यातली पिठाची गिरणी, मशिदीचा वजूचा हौज, दाराशी बसून शिवणकाम करणाऱ्या खाला, यांतले कुणीच कागदावर आले नाही. चूक मुलांची नव्हती. हासुद्धा इतिहास आहे, हे आम्हीच त्यांना कधी सांगितले नव्हते.

आमचा मोहल्ला आता झपाट्याने बदलतो आहे. जुनी घरे पडताहेत, टॉवर उभे राहताहेत. म्हणून यंदा मुलांना आधी वासितींची चित्रे दाखवणार आहे आणि मगच कागद वाटणार आहे.