खटल्याविना हद्दपार झालेला संपादक

मुंबईच्या टाऊन हॉलसमोरील वर्तुळाकार चौक पूर्वी गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या नावाने ओळखला जाई. स्वातंत्र्यानंतर त्याला हॉर्निमन सर्कल हे नाव मिळाले. तेही इंग्रजाचेच; मात्र ब्रिटिश सरकारने हद्दपार केलेल्या इंग्रजाचे!

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. १९०६ मध्ये ते कोलकात्याच्या 'स्टेट्समन'मध्ये दाखल झाले. सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल' सुरू करून त्याचे संपादकपद त्यांच्याकडे सोपविले. पुढे ते होमरूल चळवळीत उतरले. रौलट कायद्याविरुद्ध १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सत्याग्रह सभेचे गांधीजी अध्यक्ष, तर हॉर्निमन उपाध्यक्ष होते.

त्या वर्षी ६ एप्रिलला गिरगाव चौपाटीवर जनसमुदाय लोटला. १३ एप्रिलला जालियनवाला बाग हत्याकांड घडले. पंजाबातील दडपशाहीवर 'क्रॉनिकल'ने टीकेची झोड उठविली. २६ एप्रिल रोजी भारत संरक्षण नियमांखाली हॉर्निमन यांना ताब्यात घेऊन इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढविण्यात आले.

लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ती मुंबई उच्च न्यायालयातील खटल्यानंतर. तेथे त्यांना निदान आपली बाजू मांडता आली. हॉर्निमन यांच्यावर ना आरोपपत्र ठेवले गेले, ना ज्युरी बसली. सरकारला केवळ एक आदेश पुरेसा ठरला. परक्याचे तोंड बंद करण्याची ही सोपी वाट आजही अनेक देशांची सरकारे चोखाळतात.

गांधीजींच्या आवाहनानुसार ११ मे रोजी या कारवाईच्या निषेधार्थ शांततापूर्ण हरताळ व उपवास पाळण्यात आला. 'क्रॉनिकल' काही काळ बंद पडले, तेव्हा ती उणीव भरून काढण्यासाठी 'यंग इंडिया' गांधीजींच्या हाती आले.

हॉर्निमन मात्र गप्प बसले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये अमृतसरच्या अत्याचारांवर पुस्तक प्रसिद्ध केले. सरकारची मनाई झुगारून जानेवारी १९२६ मध्ये ते भारतात परतले आणि पुन्हा 'क्रॉनिकल'मध्ये रुजू झाले. १९३३ पासून त्यांनी 'बॉम्बे सेंटिनल' हे सायंदैनिक चालविले. १९४१ मध्ये रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ'च्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

स्वतंत्र भारत पाहून १९४८ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. ज्या शहरातून त्यांना घालवून देण्यात आले, त्या शहराने त्यांचे नाव कायमचे ठेवून घेतले.