समजून घ्या : एका ब्रेककिटने ठरलेलं विश्वविजेतेपद, माइक हॉथॉर्न आणि डिस्क ब्रेकची गोष्ट

*स्पोर्ट्स कारला मोठे ब्रेक बसवण्याची क्रेझ आज धुळे-जळगावच्या तरुणांमध्येही आहे. पण महागडे ब्रेक नेमकं काय करतात आणि काय करू शकत नाहीत? फॉर्म्युला वनच्या पहिल्या ब्रिटिश विश्वविजेत्याच्या आयुष्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात.*

४ जुलै २०२३. मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ मध्य प्रदेशकडून येणारा एक कंटेनर वाहनांना धडका देत थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० जणांचा जीव गेला. ब्रेक निकामी झाल्याची माहिती तेव्हा पोलिसांनी दिली होती. बिजासन घाटाचा उतार, कन्नड घाटाची वळणं किंवा लळिंगचा चढ-उतार रोज पार करणाऱ्यांना ब्रेक तापणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

याच तापण्याशी माइक हॉथॉर्नची सारी कारकीर्द झगडत राहिली.

कोण होता माइक हॉथॉर्न?

जन्म १० एप्रिल १९२९, इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील मेक्सबरो. वडील लेस्ली मोटरसायकल शर्यतींचे शौकीन. पुढे त्यांनी सरे परगण्यातील फार्नहॅम येथे गॅरेज थाटलं आणि माइक तिथेच गाड्यांच्या आवाजात वाढला. शाळेनंतर त्याने ट्रक आणि अग्निशमन बंब बनवणाऱ्या डेनिस कंपनीत उमेदवारी केली. म्हणजे स्टिअरिंग हाती येण्याआधी त्याने पाना हाती धरला होता.

१९५० मध्ये तो पहिल्यांदा स्पर्धेत उतरला. दोनच वर्षांत कूपर-ब्रिस्टल गाडीतून त्याने मोठ्या संघांचं लक्ष वेधलं आणि १९५३ मध्ये फेरारीने त्याला करारबद्ध केलं. त्याच वर्षी ५ जुलैला रेंस येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये त्याने दिग्गज हुआन मॅन्युएल फांजिओला अवघ्या एका सेकंदाने हरवलं. उंचापुरा, सोनेरी केसांचा, गळ्यात बो-टाय बांधून शर्यत चालवणारा हा पोरगा तेव्हा २४ वर्षांचा होता.

एकाच शर्यतीत ब्रेकचे दोन धडे

रेंसच्या विजयाआधी काही आठवडे फ्रान्समध्येच ल माँची २४ तासांची शर्यत झाली होती. हॉथॉर्न फेरारीत होता. नियमानुसार ठरावीक फेऱ्या होईपर्यंत गाडीत कोणतंही द्रव भरायची मुभा नव्हती. त्याच्या संघाने त्याआधीच ब्रेक ऑइल भरलं आणि गाडी बाद झाली.

ती शर्यत जिंकली जॅग्वार सी-टाइपने. तिच्या चाकांवर डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक होते. चोवीस तासांचा सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या वर जाण्याची ल माँच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ.

ड्रम आणि डिस्कमध्ये फरक काय?

ब्रेक गाडीचा वेग 'खात' नाही, तो उष्णतेत बदलतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ८० वरून थांबताना ब्रेकवर येणारी उष्णता ताशी ४० च्या चौपट असते.

ड्रम ब्रेकमध्ये पत्र्याच्या बंद डब्यासारख्या ड्रमच्या आत लायनर घासतात. उष्णता आत कोंडते, ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. यालाच 'ब्रेक फेड' म्हणतात. डिस्क ब्रेकमध्ये चकती उघडी असते. दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि वारा लागून चकती लवकर थंड होते.

ही कल्पना नवी नव्हती. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. मात्र शर्यतीत ती सिद्ध व्हायला पन्नास वर्षं लागली.

११ जून १९५५ : चांगले ब्रेक आणि मागची गाडी

१९५५ मध्ये हॉथॉर्न ल माँला आला तो जॅग्वार डी-टाइप घेऊन. आता त्याच्याकडेही डिस्क ब्रेक होते. मर्सिडीजच्या गाड्यांना ड्रम ब्रेक होते. त्यांची कमतरता भरून काढण्यासाठी चालकाच्या मागे हवेत उघडणारा मोठा पत्रा बसवला होता.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हॉथॉर्नने लान्स मॅक्लिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकलं आणि पिटमध्ये जाण्यासाठी ब्रेक लावले. मॅक्लिनने धडक टाळायला गाडी डावीकडे घेतली. त्याच्या गाडीलाही डिस्क ब्रेक होते, पण समोर जागाच उरली नव्हती. डावीकडून भरधाव येणारी पिएर लवेगची मर्सिडीज हीलीवर चढून उडाली आणि तिचे तुकडे गर्दीत घुसले. लवेगसह ८० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. मोटर शर्यतींच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात.

शर्यत थांबली नाही. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने गाड्या मागे घेतल्या. जॅग्वार धावत राहिली आणि हॉथॉर्न-आयव्हर ब्यूब जोडीने ती जिंकली. अधिकृत चौकशीत कोणत्याही चालकाला दोषी धरलं गेलं नाही. जुना, अरुंद ट्रॅक या वेगासाठी बनलेलाच नव्हता, असा निष्कर्ष निघाला. तरीही हॉथॉर्नवरचं बोट कायम राहिलं. त्याने १९५८ मध्ये आत्मचरित्रात आपली बाजू मांडली, तेव्हा मॅक्लिनने बदनामीचा दावा ठोकला. तो निकाली निघण्याआधीच हॉथॉर्न गेला.

मित्राच्या गाडीचे ब्रेक

१९५७ मध्ये तो फेरारीत परतला. तिथे पीटर कॉलिन्स हा त्याचा जिवलग मित्र संघात होता. पण फेरारी अजून ड्रम ब्रेकवरच अडून होती, तर प्रतिस्पर्धी व्हॅनवॉल डिस्क ब्रेक वापरत होती. कॉलिन्सने मात्र स्वतःच्या वापरातल्या फेरारीला डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्रेक अपग्रेड किट.

३ ऑगस्ट १९५८ रोजी जर्मनीतील न्यूरबर्गरिंगवर कॉलिन्सची गाडी ट्रॅकबाहेर गेली. मागून येणाऱ्या हॉथॉर्नने तो अपघात डोळ्यांनी पाहिला. कॉलिन्स वाचला नाही.

यानंतर हॉथॉर्नने डिस्क ब्रेकचा हट्ट सोडला नाही. कॉलिन्सच्या गाडीचे ब्रेक काढून ते हॉथॉर्नच्या शर्यतीच्या गाडीवर जुळवण्यात आले. ७ सप्टेंबरला मोंझा येथे तो त्याच ब्रेकवर उतरला. शेवटच्या टप्प्यात क्लचने दगा दिला, तरी दुसरा क्रमांक आणि सहा गुण मिळाले. १९ ऑक्टोबरला कॅसाब्लांकातही तो दुसरा आला. मोसमात चार शर्यती जिंकणाऱ्या स्टर्लिंग मॉसचे ४१ गुण झाले. एकच शर्यत जिंकलेल्या हॉथॉर्नचे ४२. एका गुणाने तो विश्वविजेता झाला आणि लगेच निवृत्तही झाला.

शेवट ट्रॅकवर नाही, महामार्गावर

२२ जानेवारी १९५९. गिल्डफर्डजवळचा बायपास, ओला रस्ता. हॉथॉर्नच्या जॅग्वार ३.४ चा ताबा सुटला, गाडी एका लॉरीला लागून झाडावर आदळली. विश्वविजेता जागीच ठार झाला. वय २९. पाच वर्षांपूर्वी त्याचे वडीलही रस्ते अपघातातच गेले होते.

ब्रेक किट घेण्याआधी हे लक्षात घ्या

* टायर आधी : ब्रेक चाक थांबवतात, गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. झिजलेल्या टायरवर मोठे कॅलिपर लावून थांबण्याचं अंतर कमी होत नाही.
* मोठी डिस्क कशासाठी : ती जास्त उष्णता सामावते. घाटात वारंवार ब्रेक लावताना तिचा फायदा. शहरातल्या एका ब्रेकला फरक जेमतेम जाणवतो.
* ब्रेक ऑइल : ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरते. ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल खाली बसतं. अनेकदा चांगले पॅड आणि ताजं ऑइल एवढंच अपग्रेड पुरतं.
* पुढचा-मागचा समतोल : फक्त पुढे किंवा फक्त मागे मनाला येईल तसं किट लावल्यास कंपनीने ठरवलेला समतोल बिघडतो. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी फिरते.
* रिमचं माप : मोठं कॅलिपर रिमच्या आत बसतं का, हे आधी तपासा.
* कायदा : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध आहेत. किट घेण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात आणि आरटीओत विचारणा करावी.
* घाट उतरताना : ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच्या रेट्याने वेग धरला तर ब्रेक थंड राहतात.

शेवटची बाब ल माँची. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. तुमचे ब्रेक कितीही चांगले असले, तरी मागे मालाने भरलेला ट्रक असेल तर त्याला तेवढ्यात थांबता येणार नाही. बिजासनच्या उतारावर ब्रेक दाबण्याआधी आरशात एकदा पाहणं, याला कोणतंही किट पर्याय ठरत नाही.