दहा पौंडांची जेन

सुरुवातीलाच कबूल करते, मी आधी सिनेमा पाहिला आणि मग पुस्तक वाचलं. आमच्या शाळेतल्या सिस्टरना कळलं असतं तर त्यांनी कान धरला असता. शिवाय दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मुलीनं मॅगझिनच्या मराठी विभागात लिहावं, हेही तसं उलटंच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

झालं असं, की गेल्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात मी मैत्रिणीच्या रूमवर मुक्कामाला होते. (रेक्टर मॅडम, हे वाक्य कृपया गाळून वाचावं. मी बोईसरची, म्हणजे रीतसर डे-स्कॉलर.) रात्री दोन वाजता फाईलींचे इंडेक्स लिहून संपले. झोप उडालेली. कुणाच्या तरी लॅपटॉपवर २००५ सालचा 'प्राईड अँड प्रेज्युडिस' सापडला. सहा जणी, दोन खाटा, एक लॅपटॉप. खिडकीबाहेर पालघरचा जाता पाऊस आणि पडद्यावर इंग्लंडचा. त्या पावसात डार्सी एलिझाबेथला मागणी घालतो, ती भिजत भिजत नाही म्हणते, आणि आमच्यातल्या दोघी चक्क रडल्या. नावं सांगत नाही, पण दोघी मेकॅनिकलच्या आहेत.

घरी येऊन आईला गोष्ट सांगितली, तर तिला ती माहीत होती! १९८५ साली दूरदर्शनवर 'तृष्णा' नावाची मालिका लागायची, ती याच कादंबरीवर बेतलेली. मग मी सपाटाच लावला. 'ब्राईड अँड प्रेज्युडिस' (२००४), तमिळ 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' (२०००), सोनम कपूरची 'आयशा' (२०१०). या सगळ्यांच्या मुळाशी एकच बाई, जेन ऑस्टिन. जाऊन दोनशे वर्षं झाली तरी तिच्या गोष्टींवर लोक पोट भरतायत.

त्याच महिन्यात आमच्या घरी ताईला बघायला आले. ताई २७ वर्षांची, बी.एस्सी. केमिस्ट्री, तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. मुलगा सफाळ्याचा, साधा, जरा जास्तच बोलणारा. कांदेपोहे झाले. मुलीला काही विचारायचंय का म्हटल्यावर ताईनं एवढंच विचारलं, की लग्नानंतर नोकरी चालू राहील ना. ते हो म्हणाले आणि दोन दिवसांनी ताईही हो म्हणाली.

मी डोळ्यांत डार्सी घेऊन बसलेली. मला ते सहनच होईना. प्रेम नाही, काही नाही, निव्वळ तडजोड, असं मी तिला तोंडावर बोलले. आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं उत्तर दिलं नाही. त्यानंतर जवळजवळ महिनाभर आम्ही दोघी कामापुरतंच बोलत होतो.

तेवढ्यात कॉलेजच्या लायब्ररीत, 'जनरल'च्या कपाटात, ॲप्लाईड मॅथ्सच्या जुन्या गाईडांमागे मला मूळ कादंबरी मिळाली. बोईसर ते पालघर मधे एकटं उमरोळी, त्यामुळे गाडीत बसून चार पानंही होत नाहीत. पण गाडीची वाट बघण्यात एक प्रकरण आरामात होतं.

पहिला धक्का म्हणजे पुस्तकात तो पाऊसच नाही. डार्सी मागणी घालतो ती एका पाद्र्याच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत, छपराखाली, कोरड्या कपड्यांत. १९९५ च्या बीबीसी मालिकेतला तळ्यातून ओलाचिंब बाहेर येणारा डार्सीही पुस्तकात कोरडाच येतो. पाऊस आहे, पण तो वेगळ्याच जागी. आई थोरल्या मुलीला मुद्दाम घोड्यावरून पाठवते, म्हणजे पावसात अडकून ती श्रीमंत मुलाच्या घरी मुक्कामाला राहील! रोमान्स कमी आणि प्लॅनिंग जास्त.

दुसरा धक्का आकड्यांचा. माणूस आला की त्याच्याबरोबर त्याचं उत्पन्न येतं. डार्सीचं वर्षाला १०,००० पौंड. एलिझाबेथच्या वडिलांचं २,०००, पण ती इस्टेट मुलींना मिळणार नाही, दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार. एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात १,००० पौंड, ४ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला ४०. डार्सीच्या अडीचशेवा भाग. सिनेमात हे आकडे कानावरून निघून जातात. कागदावर दिसले की गणित सुटतं. मग वाटलं, ही लिहिणारी बाई स्वतः कुठल्या आकड्यात जगली? म्हणून तिचं चरित्र शोधून वाचलं. ते तुम्हाला सांगते.

जेन जन्मली १६ डिसेंबर १७७५ ला, इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या स्टीव्हन्टन गावात. वडील तिथल्या चर्चचे पाद्री. आठ भावंडं, सहा मुलगे आणि दोन मुली, जेन सातवी. पगारात भागेना म्हणून वडील घरीच मुलं ठेवून शिकवायचे. म्हणजे लहानपणापासून ती बॉईज हॉस्टेलातच वाढली म्हणा ना! शाळा जेमतेम झाली. पहिल्या खेपेला तापानं मरता मरता वाचली, आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास शाळा कायमची सुटली. पुढचं शिक्षण वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटातून.

विसाव्या वर्षी, म्हणजे आत्ता मी आहे त्या वयात, टॉम लेफ्रॉय नावाचा वकिली शिकणारा आयरिश मुलगा तिला नाचाच्या कार्यक्रमांत भेटला. दोघांचं जमलं. पण दोघांकडेही पैसा नव्हता. त्याच्या माणसांनी त्याला तिथून हलवलं आणि विषय संपला. पुढे तो आयर्लंडचा मुख्य न्यायाधीश झाला. यावर २००७ साली 'बिकमिंग जेन' सिनेमा निघाला. त्यात दोघं पळून जायला निघतात. तसं काही घडल्याचा पुरावा नाही. घडलं ते एवढंच, की १७९६ च्या जानेवारीत हे प्रकरण मिटलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ती एक कादंबरी लिहायला बसली. हीच पुढे 'प्राईड अँड प्रेज्युडिस' झाली. १७९७ मध्ये लिहून पुरी झाल्यावर वडिलांनी लंडनच्या प्रकाशकाला पत्र टाकलं. उलट टपाली नकार आला. त्यानं हस्तलिखित मागवूनसुद्धा पाहिलं नाही. आपल्याला पहिल्या कॅम्पसला रिजेक्ट झालं की आपण तीन दिवस मेसला जात नाही. हिला सोळा वर्षं थांबावं लागलं.

मधली वर्षं वाईट होती. वडील निवृत्त होऊन बाथ शहरात राहायला गेले, तिचं लिखाण मंदावलं. थोरली बहीण कॅसॅन्ड्रा हिचा वाग्दत्त वर १७९७ मध्येच वेस्ट इंडीजमध्ये पिवळ्या तापानं गेला होता. ती परत लग्नाला उभी राहिली नाही. दोघी बहिणी शेवटपर्यंत एकमेकींच्या सोबतीनं राहिल्या.

आणि मग आला डिसेंबर १८०२. दोघी बहिणी मैत्रिणींच्या घरी पाहुण्या गेल्या होत्या. २ तारखेला संध्याकाळी मैत्रिणींच्या भावानं, हॅरिस बिग-विदरनं, जेनला मागणी घातली. मोठा वाडा, इस्टेट, सगळं त्याच्या नावावर होणार होतं. जेन हो म्हणाली. घरात आनंदीआनंद. रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपला होकार मागे घेतला आणि दोघी बहिणी गाडीत बसून निघून आल्या. (त्याच महिन्याच्या ३१ तारखेला आपल्या वसईत दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकलं. इतिहासात हा तह दरवर्षी पाठ केला, पण त्याच महिन्यात तिकडे एक मुलगी हातात आलेली इस्टेट परत करत होती, हे आपल्याला कोण सांगणार!)

त्या रात्री तिच्या मनात काय चाललं होतं ते कळायला मार्ग नाही. तिची बरीचशी पत्रं कॅसॅन्ड्रानं पुढे जाळून टाकली, आज जेमतेम एकशे साठ उरलीत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सिनेमात हिरॉईन नाही म्हणते, कारण पुढच्या रिळात हिरो सुधारून परत येणार असतो. जेनच्या पुढच्या रिळात कुणी नव्हतं. वय २७ ला टेकलेलं, कमाई शून्य.

पहिली कमाई झाली ती १८०३ मध्ये. एका प्रकाशकानं तिची एक कादंबरी १० पौंडांना विकत घेतली आणि छापलीच नाही, नुसती ठेवून दिली. १८०५ मध्ये वडील वारले. आई आणि दोन मुली भावांनी काढून दिलेल्या पैशांवर, या गावातून त्या गावात बिऱ्हाड हलवत राहिल्या. १८०९ मध्ये एका श्रीमंत घरात दत्तक गेलेल्या भावानं चॉटन गावातलं एक घर राहायला दिलं. तिथे खिडकीजवळच्या छोट्याशा टेबलावर जेन पुन्हा लिहू लागली. ते घर आज म्युझियम आहे, टेबलही तिथेच आहे. स्टडी टेबल लहान आहे म्हणून आपण वॉर्डनकडे अर्ज करतो, ते आठवून जरा लाज वाटली.

१८११ मध्ये 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' छापली गेली, तीही तोटा झाला तर स्वतः भरायच्या बोलीवर. लेखिकेचं नाव नाही, नुसतं एक स्त्री असं छापलेलं. नफा झाला १४० पौंड. १८१३ मध्ये 'प्राईड अँड प्रेज्युडिस' आली. तिचे हक्क तिनं ११० पौंडांना एकरकमी विकले होते, त्यामुळे पुढच्या आवृत्त्यांतून तिला काही मिळालं नाही. मग 'मॅन्सफिल्ड पार्क' आणि 'एमा'. १८१६ मध्ये तिनं ती अडकवून ठेवलेली कादंबरी त्याच १० पौंडांना परत विकत घेतली.

त्याच वर्षी तब्येत ढासळली. आजार नेमका कोणता, यावर डॉक्टर अजून वाद घालतात. १८ जुलै १८१७ ला विंचेस्टरमध्ये ती गेली, वय ४१. अंत्ययात्रेला बायकांनी जायची पद्धत नव्हती, म्हणून कॅसॅन्ड्रा खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. कबरीवरच्या दगडावर तिच्या गुणांबद्दल पुष्कळ लिहिलंय, पण ती कादंबऱ्या लिहायची याचा उल्लेख नाही. हयातीत एकाही पुस्तकावर तिचं नाव आलं नाही. सगळी मिळून कमाई सहाशे-सातशे पौंडांच्या घरात. डार्सीचे १०,००० भागिले १२ करून बघा. त्याचा एक महिना ८३३ पौंडांचा होतो.

२०१७ मध्ये, तिच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली तेव्हा, बँक ऑफ इंग्लंडनं तिचं चित्र नोटेवर छापलं. नोट कितीची? १० पौंडांची! आणि त्यावर वाचनाच्या आनंदाबद्दलचं जे वाक्य टाकलं, ते कादंबरीत मिस बिंगलीच्या तोंडी आहे. तिला वाचायचा कंटाळा असतो, डार्सीवर छाप पाडायला ती पुस्तक हातात धरून बसते. पुस्तक न वाचता सिनेमावर भाळणाऱ्या माझ्यासारख्या मुलीनं यावर हसू नये, पण मी बोईसरच्या प्लॅटफॉर्मवर एकटीच हसले.

आता ताईकडे येते. कादंबरीत एलिझाबेथची मैत्रीण आहे, शार्लट. वय २७. बडबड्या, लाळघोट्या पाद्र्याला ती हो म्हणते, कारण तिला स्वतःचं घर हवं असतं. एलिझाबेथ तिच्यावर चिडते, माझ्यासारखीच. सिनेमात हे पटकन उरकतं. पुस्तकात मात्र एलिझाबेथ शार्लटच्या घरी काही आठवडे राहते आणि तिला दिसतं, की शार्लटनं स्वतः बसायला मुद्दाम मागची खोली निवडलीय, म्हणजे नवरा पुढच्या खोलीत रमेल आणि हिला शांतता मिळेल. लिहिणारीनं स्वतः इस्टेट नाकारली, पण जिनं घर पत्करलं तिला मूर्ख ठरवलं नाही. न कमावण्याची किंमत तिला पौंडात माहीत होती.

ते प्रकरण वाचताना मला ताईचा तो एकच प्रश्न आठवला. मला तो फार रुक्ष वाटला होता. शार्लटला तो विचारायची सोयच नव्हती, आणि जेनला वयाच्या पस्तिशीपर्यंत त्याचं उत्तर मिळालं नव्हतं. ताईनं तो सगळ्यांसमोर, पोह्यांच्या बशा उचलायच्या आधी विचारला.

त्या संध्याकाळी मी ताईची माफी मागितली. ती म्हणाली, की अगं तो बोलतो जास्त, पण ऐकतोही. लग्न मे महिन्यात झालं. आता ती सफाळ्याहून लोकलनं बोईसरला कामावर येते. कधी पालघरला तिचा डबा आणि माझी घाई यांची गाठ पडते, तेव्हा उमरोळीपर्यंत आम्ही दोघी बोलत जातो. भाओजी खरंच फार बोलतात. ताईनं घरात गॅलरीकडची खुर्ची स्वतःसाठी ठेवलीय. मी काही बोलले नाही, फक्त हसले.

सिनेमा बघू नका असं मी म्हणणार नाही. सिनेमा नसता तर मी त्या कपाटापर्यंत गेलेच नसते. फक्त तिथे थांबू नका. पुस्तक परत केलंय, मॅथ्सच्या गाईडांमागेच आहे. शार्लटच्या घराचं प्रकरण जिथे सुरू होतं तिथे माझा जुना रेल्वेचा पास खुणेला राहिलाय. ज्याला सापडेल त्यानं तो तिथेच राहू द्यावा.