गणिताचे मास्तर आणि डोडो

ऑक्सफर्डला गेलेला पाहुणा कॉलेजांचे मनोरे पाहतो, नदीकाठी फोटो काढतो आणि परतीची गाडी पकडतो. मुले बरोबर असतील तर पार्क्स रोडवरचे विद्यापीठाचे निसर्गेतिहास संग्रहालय मात्र चुकवू नये. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. १८६० साली उघडलेली ही इमारत बाहेरून चर्चसारखी दिसते आणि आत शिरताच जुन्या रेल्वे स्टेशनाची आठवण होते. लोखंडी खांब, वर काचेचे छप्पर, खाली डायनोसोरचे सांगाडे. कडेच्या व्हरांड्यातला प्रत्येक दगडी खांब ब्रिटनमधल्या निराळ्या खडकाचा आहे. आयर्लंडहून आलेल्या ओशे बंधूंनी खरीखुरी रोपे समोर ठेवून त्यांवर पाने-फुले कोरली. पुढे पैसे आटले, आणि दर्शनी भागातले कोरीवकाम अर्धे राहिले ते राहिलेच.

इथला सर्वांत लाडका रहिवासी म्हणजे डोडो. मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा, बोजड पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला. त्याचे कातडीसह उरलेले जगातले एकमेव डोके या संग्रहालयात आहे. ते आत जपून ठेवतात. काचेआड दिसतो तो त्याचा ठसा, आणि शेजारी यान साव्हेरी याने १६५१ साली रंगवलेले डोडोचे चित्र. २००२ साली याच अवशेषांवरून कळले, की डोडोचा सर्वांत जवळचा नातलग आपल्या अंदमान-निकोबारात आढळणारे निकोबारी कबूतर! २०१८ साली त्या कवटीत शिशाचे छर्रे सापडले. कुणीतरी मागून गोळी झाडली होती.

या पक्ष्यात एका माणसाने स्वतःला पाहिले. त्यांचे नाव चार्ल्स लटविज डॉजसन; जग त्यांना लुइस कॅरॉल म्हणून ओळखते.

१८३२ साली चेशायरमधल्या डेअर्सबरी गावी एका पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांतले ते थोरले मुलगे. लहानपणापासून बोलताना अडखळत. एका कानाने कमी ऐकू येई. १८५१ च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात दाखल झाले आणि दोनच दिवसांत आई गेल्याची बातमी आली. मुलगा गणितात पहिल्या वर्गात आला, तिथेच शिकवू लागला आणि जन्मभर तिथेच राहिला. वर्गात त्यांचे शिकवणे रटाळ होई, असे विद्यार्थ्यांचे मत. चारचौघांत जीभ अडखळे. मुलांना गोष्ट सांगताना मात्र ती मोकळी होई, असे म्हणतात.

१८५६ साली त्यांनी कॅमेरा घेतला. त्या काळी तो श्रीमंती आणि किचकट छंद होता. कॉलेजचे डीन लिडेल यांच्या मुलींशी ओळख झाली ती फोटोंच्या निमित्ताने. पुढे कितीतरी नामवंत त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. त्यांत मॅक्समुल्लरही होते. संग्रहालयाजवळच्या युनिव्हर्सिटी पार्क्सच्या कडेला, नॉरम गार्डन्समध्ये त्यांचे घर होते. लोकमान्य टिळक तुरुंगात असताना त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवणारे आणि त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणारे हेच ते मॅक्समुल्लर.

४ जुलै १८६२. डॉजसन, त्यांचे मित्र डकवर्थ आणि लॉरिना, अॅलिस, ईडिथ या तिघी बहिणी होडीतून गॉडस्टोकडे निघाल्या. वाटेत गोष्ट सुरू झाली. दहा वर्षांच्या अॅलिसने ती लिहून मागितली, आणि डॉजसननी ती खरोखरच लिहिली. गोष्टीत चिंब भिजलेल्या प्राण्यांचा एक घोळका येतो. त्यातले बदक म्हणजे डकवर्थ, लोरी पोपट म्हणजे लॉरिना, गरुडाचे पिलू म्हणजे ईडिथ आणि डोडो म्हणजे खुद्द डॉजसन. आपले आडनाव सांगताना जीभ पहिल्याच अक्षरावर अडे, म्हणून डोडो, अशी एक आख्यायिका आहे. तिला पुरावा नाही. पण पुढे १८८६ साली हस्तलिखिताची छापील प्रतिकृती डकवर्थना भेट देताना त्यांनी स्वतःला डोडोच म्हटले, हे मात्र खरे.

होडीच्या सहलीला वर्ष होते न होते तोच, १८६३ च्या जूनमध्ये, लिडेल कुटुंबाशी त्यांचे काहीतरी बिनसले. त्या दिवसांचे रोजनिशीतले पान नंतर कुणीतरी कापून टाकले. येणे-जाणे पुन्हा सुरू झाले, तरी पूर्वीचा घरोबा उरला नाही. त्यांनी काढलेल्या लहान मुलींच्या फोटोंकडे आज अनेक जण शंकेने पाहतात. ती शंका बाजूला सारून चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुरावा आला तरी त्यांनी शब्द पाळला. १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेली, ३७ चित्रे काढलेली वही अॅलिसला पोचती केली. पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. त्यातला डोडो चित्रकार टेनिएल यांनी असा काही काढला, की मेलेला पक्षी घराघरांत चालू लागला.

डॉजसननी लग्न केले नाही. १८९८ साली, सहासष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, गिल्डफर्डला बहिणींच्या घरी त्यांचे निधन झाले.

अॅलिसचे दोन मुलगे पहिल्या महायुद्धात मारले गेले. नवराही गेल्यावर १९२८ साली तिने ती वही लिलावात काढली. १५,४०० पौंड मिळाले. वही अमेरिकेला गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, काही अमेरिकनांनी पैसे जमवून ती विकत घेतली आणि ब्रिटनला परत देऊन टाकली. आता ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.