विश्लेषण : इंदापूरच्या उसापासून कुर्ल्याच्या फियाटपर्यंत... वालचंद हिराचंद यांनी मोटार कारखाना कसा उभारला?

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात फियाट दिसली की आजही मोबाइल बाहेर निघतात. ही गाडी इटलीत आखली गेली आणि मुंबईत कुर्ल्याला तयार झाली. ती बनवणाऱ्या ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’च्या संस्थापकाचे नाव मात्र बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका गावाला आहे. ते गाव म्हणजे वालचंदनगर.

वालचंद हिराचंद कोण होते?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. १९१९ मध्ये ते जहाज व्यवसायात उतरले. ‘सिंदिया’ कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज त्या वर्षी ५ एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघाले. म्हणूनच हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

इंदापूरशी संबंध काय?

नीरा डाव्या कालव्यामुळे या दुष्काळी भागात ऊस शक्य झाला होता. १९३०च्या दशकात कळंबजवळ वालचंद यांच्या समूहाने मोठी शेती आणि साखर कारखाना उभारला. त्याभोवती वसाहत वाढली, तिलाच वालचंदनगर म्हणतात. साखर कारखान्याला यंत्रे लागतात. पुढे इथे यंत्रेच तयार होऊ लागली. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरचे आवरण इथल्याच कारखान्यात बनते.

मोटारीचा कारखाना का अडला?

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात देशी मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंद यांनी ती उचलून धरली. अमेरिकेत फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमली. पण महायुद्ध सुरू झाले होते. ब्रिटिश सरकारने या कारखान्याला युद्धकामासाठी आवश्यक मानले नाही, त्यामुळे यंत्रसामग्री आणण्याचा मार्ग बंद झाला.

याच काळात त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला विमान कारखाना काढला. १९४० मधली ही ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ म्हणजे आजच्या ‘एचएएल’ची सुरुवात. १९४२ मध्ये सरकारने तो कारखाना ताब्यात घेतला. मोटारीचा हट्ट त्यांनी सोडला नाही. १९४४ मध्ये ‘प्रीमियर’ची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, डी सोटो ही त्या काळातली नावे.

जोडणी आणि निर्मिती यात फरक काय?

जनरल मोटर्स आणि फोर्ड तेव्हा भारतात गाड्या विकत होतेच. पण त्यांचे काम परदेशातून आलेले सुटे भाग जोडण्यापुरते होते. भाग इथेच बनले तर ओतकाम, फोर्जिंग, गिअर कापणे ही कौशल्ये इथे रुजतात. वालचंद यांचा आग्रह यासाठीच होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने हीच दिशा धरली. देशात निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जागा उरली नाही आणि दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी इथली जोडणी थांबवली.

हे पाहायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. फियाटशी झालेला करार तेवढा त्यांच्या हयातीतला. फियाट ११०० कुर्ल्यात बनू लागली ती त्यांच्यामागे. १९७०च्या दशकात तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले.

मग आकर्षण टिकले कशामुळे?

१०८९ सीसीचे इंजिन, कार्ब्युरेटर आणि स्टिअरिंगलाच जोडलेला गिअरचा दांडा. गाडीत संगणक नाही, बिघाड डोळ्यांना दिसतो आणि पान्याने सुटतो. ताकद वाढवलेल्या फियाट चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतीतही धावल्या. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती दशकानुदशके राबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून बाहेर पडली.

जुनी गाडी घरात असेल तर?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभालीसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. मात्र नोंदणीआधी इंजिन, चासी आणि बॉडीत मोठे बदल करू नका. मूळ स्वरूप गेले, तर गाडी कितीही जुनी असली तरी ती विंटेज ठरत नाही.