गाडगे महाराजांची काटकसर

काटकसर करून चार पैसे गाठीस बांधणारा मनुष्य भांडवलदारी वृत्तीचा मानावा काय, असा प्रश्न आपल्या ज्ञातीतील सुशिक्षित तरुण विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर आम्हांस श्रीसंत गाडगे महाराजांच्या चरित्रात सापडते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. पित्याचे छत्र दारूपायी बालपणीच हरपले. दापुरे येथे मामांकडे गुरे राखीत व शेत कसीत ते वाढले. सावकाराचा कागद कष्टाची जमीन कशी गिळतो, हे त्यांनी तेथेच पाहिले. ऋण काढून सण करू नये हा त्यांचा पुढील उपदेश या अनुभवातूनच निघाला.

१९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती मडके व खराटा, एवढाच त्यांचा संसार. काम केल्यावाचून कोणाची भाकरी ते खात नसत. तथापि याच निष्कांचन पुरुषाच्या शब्दावर लोकांनी लक्षावधी रुपये दिले. त्यांतून पंढरपूर, आळंदी व आपल्या नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्या पैशाचा स्पर्श त्यांनी स्वतःच्या कुटुंबास होऊ दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

कृपण धन पुरून ठेवतो. भांडवलदार ते अधिक धन मिळविण्यासाठी गुंतवितो. महाराजांनी यांतील काहीच केले नाही. काटकसर तिघांच्याही ठायी दिसते, परंतु हेतू निराळे. म्हणून काटकसर स्वतः भांडवलशाही नव्हे; गरिबाच्या हाती ती सावकाराविरुद्धची ढाल होय. संचय मात्र कशासाठी, हे प्रत्येकाने आपणांस विचारले पाहिजे.

देवळ्याच्या शेतकऱ्यास हे फार सांगावयास नको. उन्हाळ कांदा भावासाठी चाळीत राखणे हे शहाणपण. परंतु वेळेवर बाहेर न काढल्यास तो सडतो आणि शेजारचाही नासवितो. धनाचेही तसेच आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक महाराजांनी देह ठेवला. भांडी मोडावी लागली तरी मुलांस शिकवावे, असे ते सांगत. आपण वर्षभर पोटास चिमटा घेऊन साठविलेले लग्नाच्या मांडवात एका दिवसात उधळतो, आणि शेजारच्या हुशार मुलीची फी थकलेली असते. यंदा प्रत्येक घराने मांडवाचा थोडा खर्च वाचवून तो अशा मुलांच्या शिक्षणास द्यावा, एवढीच आमची विनंती.