रंगावर नव्हे, कामावर घोडा पारखणारा माणूस

कळपातून हवं तेच जनावर बाजूला काढायचं आणि परत कळपात शिरू द्यायचं नाही, हे काम करणाऱ्या घोड्याला अमेरिकेत 'कटिंग हॉर्स' म्हणतात. टेक्सासच्या बॉब क्लेबर्ग (१८९६-१९७४) यांनी असे घोडे पिढ्यान् पिढ्या घडवले.

शेतीचं शिक्षण अर्धवट सोडून ते आजोबांच्या किंग रँचवर परतले. हजारो गुरं अन् काटेरी रान. चांगल्या घोड्याशिवाय काम उरकेना. रँचनं जॉर्ज क्लेग यांच्याकडून १९१५ साली जन्मलेलं एक तांबडं शिंगरू विकत घेतलं होतं. तोच पुढे नावाजलेला 'ओल्ड सॉरेल'. क्लेबर्ग यांनी त्याला गुरांच्या कामात पारखलं आणि पैदाशीला लावलं. त्याच्या वंशालाही तीच कसोटी. नुसता देखणा असून भागत नसे. त्याचा नातू 'विम्पी' १९४१ साली फोर्टवर्थच्या प्रदर्शनात अव्वल ठरला आणि 'क्वार्टर हॉर्स' जातीच्या नोंदवहीत पहिला क्रमांक त्याला मिळाला.

शेतकरी बंधूंनो, बैल घेताना आपण औताला जुंपून बघतोच ना? घोड्याचंही तेच. रंग बघा, भोवरे बघा, पण काम बघितल्याशिवाय इसार देऊ नका.